एलडीचं प्रमाणपत्र मिळालं, पण कॉलेजची तयारी झाली का?

हुशार असूनही वाचताना अक्षरांची गल्लत होणं, लिहिताना शब्द अर्धवट राहणं, साधी आकडेमोड न जमणं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. शाळांमध्ये रुळलेला शब्द ‘एलडी’. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. महाराष्ट्रात बोर्डाच्या सवलती मात्र 1990 च्या दशकापासून आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट.

सवलतींसाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं. चेंबूरच्या पालकांना त्यासाठी सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ पडतं. तिथे पालिकेचं एलडी क्लिनिक आहे.

मग पैशांचा प्रश्न येतो कुठे?

तपासणी एका फेरीत होत नाही. नजर, ऐकणं, बुद्ध्यांक आणि मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. हातावर पोट असलेल्या आईवडिलांची प्रत्येक फेरीला रोजंदारी बुडते. त्याआधी कुणाला तरी शंका यावी लागते. भरगच्च वर्गातलं असं मूल बहुतेकदा ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर जातं. चेंबूरला लागूनच गोवंडी-मानखुर्द आहे. तो एम-पूर्व विभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात तळाला होता.

खरा फरक पुढे पडतो. प्रमाणपत्राने पेपरला वेळ वाढतो, वाचन सुधारत नाही. त्यासाठी विशेष शिक्षकाकडे कित्येक वर्षं जावं लागतं, आणि ते ज्याला परवडतं त्यालाच मिळतं. दहावीला सोपं गणित घेतलेल्या मुलाचा पाया विज्ञान शाखेसाठी कच्चा राहतो. सवलत घेताना हे घरात कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

कॉलेजच्या दारात

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते.

आणखी एक अडचण वयाची. केंद्राच्या 2018 च्या नियमांनुसार आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र मिळतं, 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. 18 व्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. म्हणजे बारावी आणि कॉलेजप्रवेशाच्या धावपळीतच पुन्हा रुग्णालयाच्या फेऱ्या. 14 व्या वर्षीची तपासणी राहून गेली असेल, तर दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच वेळ घेतलेली बरी.