मूत्राशयाचा कर्करोग : दूर असलेल्या कुटुंबीयांनी काय विचारावे

लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे पहिले लक्षण. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण. मायदेशी आई-वडिलांपैकी कुणाला हे निदान झाले, की परदेशातील मुलांचा पहिला प्रश्न असतो : मूत्राशय काढावेच लागेल का?

उत्तर गाठ किती खोल गेली आहे यावर अवलंबून असते. म्हणून दुर्बिणीतून गाठ काढल्यानंतरचा पॅथॉलॉजी अहवाल प्रथम मागवावा आणि त्यात स्नायूच्या थराचा उल्लेख आहे का, ते पाहावे. गाठ वरच्या थरांपुरती असल्यास मूत्राशयात बीसीजी लशीचे औषध सोडून तो अनेकदा वाचवता येतो. ती स्नायूत शिरली असल्यास, प्रकृतीला झेपत असेल तर आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढणे, हा रूढ मार्ग आहे. निवडक रुग्णांत केमोथेरपी व रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय राखता येतो. त्याविषयी रेडिएशन तज्ज्ञांचेही मत घ्यावे.

खरा निर्णय पुढे असतो : लघवीची वाट कोणती? आतड्याच्या तुकड्यातून पोटावर छिद्र, म्हणजे स्टोमा, काढल्यास बाहेर कायम पिशवी लावावी लागते. आतड्याचेच नवे मूत्राशय केल्यास पिशवी टळते. मात्र रात्री नकळत लघवी होऊ शकते आणि काहींना स्वतः कॅथेटर घालावा लागतो. मूत्रपिंडे अशक्त असल्यास हा पर्याय बहुधा मिळत नाही. लैंगिक जीवनावरील परिणामही शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावेत. संकोचाने हा विषय टाळला जातो. झळ मात्र रुग्णालाच सोसावी लागते.

निवड रुग्णाची असावी. दृष्टी मंदावलेल्या वडिलांना पिशवी बदलता येईल का? आई साडी कुठे नेसते, जमिनीवर बसते का? हे पाहून स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी आखून घ्यावी आणि पिशव्यांचा नियमित पुरवठा कुठून होईल, तेही ठरवावे.

रजा मर्यादित असेल, तर ती सारी शस्त्रक्रियेच्या दिवसांत संपवू नये. रुग्णालयात परिचारिका असतात. घरी परतल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत पिशवी गळते, अन्न नकोसे होते, धीर खचतो. ताप, थंडी वा लघवी कमी होणे दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे लागते. त्या वेळी घरात शिकलेला हात हवा. डिस्चार्जपूर्वीच घरातील दोघांनी पिशवी बदलणे शिकून घ्यावे. त्यांपैकी एक शक्यतो रुग्ण स्वतः असावा.