डबा लहान झाला, फाइली कुठे गेल्या?

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत आमच्या टेबलाखालचं धूड अखेर हललं. धूड म्हणजे माझा जुना सीपीयू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, विंडोज ११ त्या मशीनवर चढेना. मग मिनी पीसी घेतला. जेवणाच्या डब्याएवढा आहे, मॉनिटर-कीबोर्ड जुनेच जोडलेत.

शेजारचे काका बघायला आले. म्हणाले, "एवढ्याशा डब्यात सगळं मावतं कसं रे?"

प्रश्न बरोबर आहे. आधीचा डबा मोठा का होता, तिथून सुरुवात करावी लागते. १९८१ च्या आयबीएम पीसीत पाच स्लॉट होते. संगणकाला नवीन काही शिकवायचं तर एक कार्ड आणून आत खोचायचं. मराठीसुद्धा अशीच खोचावी लागायची! आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सीडॅकने पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड आलं. ते पीसीत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आज मोबाइलवर मराठीत भांडणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर हसतील.

नंतर आवाजाचं, नेटवर्कचं काम मदरबोर्डवरच आलं. फ्लॉपी गेली, सीडी गेली, हार्ड डिस्कच्या जागी बोटभर लांबीची एसएसडी आली. आत ठेवायलाच काही उरलं नाही. २००५ च्या जानेवारीत अॅपलने मॅक मिनी काढला, साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच. पुढे इंटेलने एनयूसी आणला, साधारण चार इंच चौरस. २०२३ मध्ये इंटेलने स्वतः त्यातून अंग काढून घेतलं, पण तोवर ही जात बाजारात रुजली होती. आपल्या सरकारनेही त्याच वर्षी दखल घेतली. ३ ऑगस्टला आयातीवर बंधनं घालणारी अधिसूचना निघाली, तिच्यात लॅपटॉप-टॅबलेटच्या रांगेत हे छोटे संगणकही होते. ओरड झाली, मुदत वाढली, शेवटी १ नोव्हेंबरपासून परवानगीची ऑनलाइन पद्धत आली.

हे सगळं काकांना सांगून झालं आणि मी जुन्या फाइली नव्या मशीनवर घेतल्या. उघडल्या तर पडद्यावर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं.

कारण ठाऊक होतं, तरी पोटात गोळा आला. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, युनिकोडमध्ये देवनागरी आली, विंडोज २००० पासून ती विंडोजमध्येही चालू लागली. पण आम्ही छापखान्यात पेजमेकरवर पानं लावत होतो आणि पेजमेकरला युनिकोड मराठी झेपत नव्हती. म्हणून फॉन्टवाली मराठी! दिसायला 'क', फाइलीत मात्र कुठलं तरी इंग्रजी अक्षर. तो फॉन्ट मशीनवर असेल तरच वाचता येणार. आमचा फॉन्ट डोंगलवर चालायचा, ते डोंगल कधीच हरवलं.

त्या फाइलींत काय आहे? २००५ चा पूर, कुठल्या गल्लीत किती पाणी चढलं ते. नगरपालिकेच्या सभांचे वृत्तांत, बाजार समितीचे भाव, गेलेल्या माणसांचे मृत्युलेख. छापील अंक वाळवीने खाल्ले. म्हणजे या गावाची वीसेक वर्षं एका हार्ड डिस्कवर, तीही कुणाला वाचता न येणारी. आणि भंगारवाला तो सीपीयू किलोवर मागत होता. (दिलाही असता, बायकोने अडवलं.)

कन्व्हर्टर मिळतात. मी एक वापरून पाहिला, मजकूर बराचसा सुटला. पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, ते हाताने लावत बसावं लागतं. रोज रात्री चार-पाच बातम्या होतात. सध्या २००६ वर आलोय.

एक विनंती. आपल्या गावातले डीटीपीवाले, पत्रिका छापणारे, संस्थांचे अहवाल टाइप करणारे, तुम्हीही आता मशीन बदलत असाल. जुना डबा खुशाल विका, पण आतली हार्ड डिस्क स्क्रू खोलून काढून ठेवा. यूएसबीला जोडायची केबल माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. आणि त्या काळातलं फॉन्टचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलं असेल तर आधी ते घेऊन या.