बूट लोडर कुठे बसवायचा? जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकण्याआधी हे बघून घ्या

बडोदे : विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक कॉम्प्युटर बाद. मशीन ठणठणीत आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही, तेव्हा डांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांपासून नंदुरबार, बेळगावपर्यंत सगळीकडे एकच सल्ला मिळतो : उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाका. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे.

सल्ला चांगलाच आहे. पण लिनक्स टाकताना इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यातले भाषा, कीबोर्ड, टाइम झोन हे प्रश्न चुकले तरी नंतर बदलता येतात. बूट लोडर कुठे बसवायचा हा प्रश्न चुकला, तर दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही. मग कुणीतरी जाणकार म्हणतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल’. आणि फॉरमॅट मारलं की दुकानाचे टॅलीतले हिशेब, लग्नाचे फोटो, आजोबांची टाइप करून ठेवलेली पत्रं, सगळं जातं. खरं म्हणजे त्या क्षणापर्यंत त्यातली एकही फाइल जागची हललेली नसते.

हा करतो काय

बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुन्या मशीनमध्ये ते बायोस, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये यूईएफआय. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का एवढं ते बघतं आणि एका छोट्या प्रोग्रामला उठवतं. तो बूट लोडर. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरून मेमरीत आणतो आणि बाजूला होतो. लिनक्सकडे हे काम बहुधा ग्रब करतो, विंडोजकडे विंडोज बूट मॅनेजर.

सीमेवरच्या माणसाला हे समजायला नवापूर स्टेशन पुरे. स्टेशन एकच, थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातमध्ये. एका डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की तसंच होतं. बूट लोडर हा तिथला सांधेवाला. गाडी कुठल्या रुळावर घालायची ते त्याच्या हातात, डब्यात काय माल आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सांधेवाला जागेवर नसला तर गाडी थांबते, पण माल चोरीला गेला असं होत नाही.

बसायच्या जागा दोन

बायोसच्या काळात बूट लोडर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा. त्याला एमबीआर म्हणतात. ही जागा अवघी ५१२ बाइटची. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरला, ६४ पार्टिशनच्या नोंदींना आणि शेवटचे २ खुणेला. एवढ्यात ग्रब मावतच नाही, म्हणून त्याचा पहिला तुकडा तिथे आणि बाकीचा त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बसतो. खुर्ची एकच असल्यामुळे शेवटी जो बसला तो मालक. नंतर विंडोज टाकलं की ते ग्रबला उठवून स्वतः बसतं. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथून आला.

यूईएफआयमध्ये डिस्कवर ईएसपी नावाचं छोटं पार्टिशन असतं, एफएटी३२ पद्धतीचं. विंडोजने केलेलं असेल तर बहुतेकदा १०० एमबीचं. त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर असतं, विंडोजचं वेगळं, उबुंटूचं वेगळं. त्यामुळे खुर्चीची मारामारी नाही. पण आधी कुणाला उठवायचं हा क्रम मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत लिहिलेला असतो, डिस्कवर नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपलं मशीन कुठल्या पद्धतीचं हे विंडोज असतानाच बघून घ्यावं. विंडोज की आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा. ‘बायोस मोड’ समोर लेगसी किंवा यूईएफआय असं दिसेल. लिनक्सचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करायचा. बूट मेनूत (डेल, लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९) तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. लोक वरचा निवडून मोकळे होतात. निम्मा घोटाळा इथेच होतो : विंडोज यूईएफआयचं, लिनक्स लेगसीचं, आणि मग दोघं एका मेनूत कधी येतच नाहीत.

इन्स्टॉल दाबण्याआधी

पहिलं काम बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या कॉपीला बॅकअप म्हणत नाहीत.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सने त्या पार्टिशनला हात लावला तर डेटा बिघडू शकतो. तिसरं बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, मालकाला पत्ताही नसतो. बूट लोडर किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. नाही मिळाली तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही परत देऊ शकत नाही. लेखात सांगितलेल्या सगळ्या अडचणींत खरी भीती बाळगण्यासारखी ही एकच.

आता तो प्रश्न. पार्टिशन स्वतः करायचा पर्याय घेतला की काही इन्स्टॉलरमध्ये खाली पट्टी दिसते, बूट लोडरसाठी डिव्हाइस निवडा म्हणून. लेगसी मशीनमध्ये तिथे अख्खी डिस्क निवडायची, म्हणजे एसडीए. एसडीए१ हे त्यातलं पार्टिशन झालं, ते नाही. नावावर विसंबू नका, पेनड्राइव्हच एसडीए म्हणून येऊन बसलेला असतो. समोरचा आकार वाचा : ५०० जीबीची ती डिस्क, १६ जीबीचा तो पेनड्राइव्ह. यूईएफआयमध्ये आधीपासून असलेलं ईएसपी वापरायला सांगा, आणि त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण नाही हे दोनदा बघा. ती खूण राहिली की विंडोजचा बूट लोडर पुसला गेला.

एक्स्टर्नल एसएसडीवर लिनक्स टाकणाऱ्यांनी जास्त जपावं. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर यूईएफआय मशीनवर तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी बूट लोडर आतल्या डिस्कच्याच ईएसपीत ठेवतो. ही जुनी, नोंदवलेली चूक आहे. परिणाम असा की एसएसडी काढून घेतली की आतलं विंडोज सुरू न होता काळ्या पडद्यावर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे झालं तर उत्तर देणं कठीण. डेस्कटॉप असेल तर तेवढ्यापुरती आतल्या डिस्कची केबल काढून इन्स्टॉल करावं, हा साधा उपाय सगळ्यात पक्का.

टॅलीवरच पोट असेल तर मात्र विंडोज काढून टाकू नका. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. तिथे दोन्ही ठेवणं किंवा वेगळं मशीन घेणं बरं.

सुरूच झालं नाही तर

विंडोज मेनूत दिसत नाही, ही पहिली तक्रार. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधायची सोय मूळ ग्रबमध्ये बंद ठेवलेली आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर चालू करून अपडेट-ग्रब चालवलं की विंडोज यादीत येतं.

लिनक्स दिसतच नाही, थेट विंडोज सुरू होतं, ही दुसरी. बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात उबुंटू वर घ्या, बहुतेकदा तेवढंच पुरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने तर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स अडवलं होतं. मायक्रोसॉफ्टने कायमची दुरुस्ती दिली ती मे २०२५ मध्ये. चूक वापरणाऱ्याची नव्हती, पण किती जणांनी तेव्हा लिनक्स पुसून पुन्हा टाकलं असेल कोण जाणे.

नुसता ग्रब रेस्क्यूचा प्रॉम्प्ट आला तर ग्रबला त्याच्या बाकीच्या फाइल सापडत नाहीत एवढाच अर्थ. कुणीतरी लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं किंवा बदललेलं असतं. लिनक्सच्याच पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ निवडून मशीन सुरू करा. आधी आपल्या फाइल बाहेर कॉपी करा, मग बूट-रिपेअर हे टूल चालवा. विंडोज परत आणायचं असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर.

त्याच ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. अशा वेळी कॅबिनेट गेलं तरी डिस्क वाचलेली असू शकते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो आणि लोक डिस्क मेली असं धरून चालतात. वरचं वाक्य इथे आठवा : क्रम जुन्या मदरबोर्डच्या मेमरीत होता, तो त्याच्याबरोबर गेला. नव्या मदरबोर्डला या डिस्कवर कुणाला उठवायचं हे माहीतच नाही. किंवा डिस्क लेगसीची आहे आणि नवं मशीन फक्त यूईएफआय जाणतं. अशी डिस्क बूट करायचा हट्ट न धरता यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, फोल्डर दिसतात का बघा. दिसले तर आधी कॉपी. मात्र डिस्कच भिजली असेल तर वाळवून स्वतः करंट देऊ नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे तशीच न्या.

आणि जुन्या मशीनचं घड्याळ रोज मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून घ्या. तो संपला की काही मशीनमध्ये बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, लेगसीचं यूईएफआय होऊन बसतं आणि काल चालणारी डिस्क आज दिसत नाही. घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर सेलचा दोष नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज भारतीय. लिनक्सला भारतीय वेळ ठेवायला सांगितलं की ते भांडण मिटतं.