जहाजांच्या धंद्यांतील एक स्त्री

५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ हें जहाज मुंबईहून लंडनकडे निघालें. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या हिंदी मालकीच्या नव्या कंपनीचें तें पहिलें जहाज. वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी हे तिच्या संस्थापकांपैकीं होत. ब्रिटिश कंपन्यांनीं या नवख्या प्रतिस्पर्ध्यास बुडविण्यासाठीं मालाचीं भाडीं पाडलीं. तरी कंपनी तगून राहिली.

जहाजांचा हा धंदा सर्वस्वीं पुरुषांचा. त्यांत नरोत्तमशेठजींच्या स्नुषा सुमतीबाई मोरारजी यांनीं ऐन तारुण्यांत पाऊल टाकलें. त्यांचा जन्म १९०९ चा. कचेरीचें दार त्यांना घरच्या नात्यानें उघडलें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु नात्यानें खुर्ची मिळते. खुर्चीवरील माणसाच्या शब्दाला वजन येतें तें कामाच्या जाणकारीनें. भाडें, माल, खलाशी, बंदरें यांचा हिशेब ज्याला उलगडला, त्याला चार माणसांत बोलतांना अडखळावें लागत नाहीं. १९४६ मध्यें कंपनीचा संपूर्ण कारभार सुमतीबाईंच्या हातीं आला, तेव्हां सहा हजारांवर माणसें तिच्या सेवेंत होतीं. त्यामागें एका तपाहून अधिक काळाची उमेदवारी होती.

तथापि घरच्या कंपनींत अधिकार चालविणें निराळें, आणि त्याच धंद्यांतील इतर मालकांनीं आपलें पुढारीपण हातीं देणें निराळें. १९५६ मध्यें भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेनें सुमतीबाईंना अध्यक्ष निवडलें. जगांतही ही गोष्ट नवलाचीच होती. एकदां झालेली निवड कौतुकापोटीं झाली, असें कोणी म्हणूं शकला असता. परंतु पुढील दोन वर्षें आणि पुन्हां १९६५ मध्यें तेंच पद त्यांच्याकडे आलें. कौतुक इतकें टिकत नाहीं, विश्वास टिकतो. १९७१ मध्यें त्यांना पद्मविभूषण मिळालें.

१९९८ मध्यें सुमतीबाई निवर्तल्या. सिंदियाचा तो जहाजांचा पसाराही आतां उरलेला नाहीं. उरला आहे तो त्यांच्या चरित्रांतील बोध. आत्मविश्वास आधीं येतो आणि मग काम जमतें, असें नव्हे. काम हातांत बसलें म्हणजे तो मागोमाग येतो. पण तें काम चार लोकांच्या नजरेस पडावयाचें, तर निर्णय होतात त्या बैठकींत स्त्रीला जागा हवी. सुमतीबाईंना ती वाट घरानें दिली. ज्यांना असें घर लाभलें नाहीं, त्यांच्यासाठीं दार उघडणें हें आंत बसलेल्यांचें कर्तव्य आहे.