बुडबुड्यांची गोष्ट

इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर सिरिंज उभी धरून टिचकी मारतात, हवेचा बुडबुडा घालवतात. लहानपणापासून हेच पाहिलेलं. त्यामुळे मंडळी, हिच्या इकोच्या वेळी "शिरेतून बुडबुडे सोडू" असं ऐकलं आणि माझं तोंडच उतरलं. ही मात्र शांत!

घरी येऊन वाचत बसलो. १९६८ साली अमेरिकेत रोचेस्टरला ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह (नाव वाचून बरं वाटलं) यांनी नळीतून हृदयाजवळ इंडोसायनिन ग्रीन हा रंग सोडला, तर इकोत ढगासारखं काही उमटलं. ते होते रंगाबरोबर गेलेले बारीक बुडबुडे! ध्वनिलहरींनी वायू आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणून प्रतिध्वनी जोरात येतो.

साध्या सलाईनचे बुडबुडे फुप्फुसातच अडकतात. हिची तपासणी त्यावरच होती: ते हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, तर कुठेतरी आडवाट आहे. फुप्फुस ओलांडणारे, अल्ब्युमिनचं कवच असलेले बुडबुडे अमेरिकेत १९९४ मध्ये मान्य झाले. २०१५ मध्ये टोरांटोत तर असे सूक्ष्म बुडबुडे ध्वनिलहरींनी थरथरवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर थोडा वेळ उघडला, ट्यूमरला औषध पोचावं म्हणून.

हिच्या डाव्या बाजूला एकही दिसला नाही. हे सारं तिला ऐकवलं, तर म्हणाली, "अहो, मग तिथे घाम कुणाला फुटला होता?"