सुवर्णालंकृत हस्तलिखित पान

मध्ययुगीन यूरोपात चर्मपत्रावर हाताने लिहून सोन्याचा वर्ख आणि रंग यांनी सजवलेले ग्रंथाचे पान. शुभवर्तमाने, स्तोत्रसंहिता आणि पुढच्या काळात श्रीमंतांची खाजगी प्रार्थनापुस्तके अशा रीतीने सजवली जात. हे काम आधी मुख्यतः मठांत चाले; बाराव्या शतकानंतर पॅरिससारख्या शहरांत त्याचे धंदेवाईक कारखाने उभे राहिले. कृतींची माहिती थिओफिलस (बारावे शतक) आणि इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी (सु. १४००) यांच्या ग्रंथांतून मिळते.

चर्मपत्र वासराच्या, मेंढीच्या किंवा बकरीच्या कातड्याचे असे. ते कमावत नसत. कातडे काही दिवस चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढत आणि लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणत. दोरी कातड्याला भोक पाडून बांधली तर ताणाने भोक फाटत जाते. म्हणून कडेच्या घडीत लहान गोटा गुंडाळून दोरीचा फास त्याभोवती आवळत. चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याने खरवडणे आणि दोऱ्या पुन्हा ताणणे आलटून पालटून चाले.

लिहिण्यापूर्वी पानाच्या कडांना टोचे मारून त्यांच्या आधाराने ओळी आखत. शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. ती उतरताना फिकी दिसते आणि हवा लागल्यावर काळी होते. लेखनिकाच्या एका हातात हंसाच्या किंवा बदकाच्या जातीच्या पक्ष्याच्या पिसाची लेखणी आणि दुसऱ्या हातात सुरी असे. सुरीने उचलणारे चर्मपत्र दाबून धरता येई, लेखणी तासता येई आणि चुकलेले अक्षर खरवडता येई. मोठ्या आद्याक्षरांची आणि चित्रांची जागा तो कोरी सोडी.

सजावटीत सर्वांत महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम : आधी रेखाटन, मग सोने, शेवटी रंग. वर्ख घोटताना रंग आधीच भरलेला असेल तर तो खरवडला जातो, शिवाय वर्खाचे कण रंगाला चिकटून बसतात. उठावाच्या सोन्यासाठी मुरवलेले प्लास्टर, थोडा शिशाचा सफेता, मध किंवा साखर आणि सरस यांचे मिश्रण लावत. ते पानावर नीट दिसावे म्हणून त्यात तांबडी माती घालत. मिश्रण वाळले की पात्याने गुळगुळीत करून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. मधामुळे ओल धरली जाते, पृष्ठभाग क्षणभर चिकट होतो आणि तेवढ्यात वर्ख दाबून बसवावा लागतो. मग गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटाई. कोरड्या हवेत वर्ख धरत नाही आणि फार दमट हवेत खालचा थर मऊ पडतो. या कलेत हाताइतकेच हवेकडेही लक्ष हवे.

रंगांपैकी हिंगूळ, शेंदूर, हरताळ आणि जंगाल ही नावे आपल्याकडील चित्रकारांनाही परिचित आहेत. रंग फेटून निवळलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात किंवा डिंकाच्या पाण्यात कालवत. सपाट रंग, त्यावर गडद छटा, मग पांढऱ्याच्या बारीक रेघा आणि अखेरीस बाह्यरेषा असा सर्वसाधारण क्रम होता. सर्वोत्तम निळा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्दापासून मिळे. जर्मनीतील डालहाइम येथील मठाच्या दफनभूमीतील एका मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवरील कीटणात लाजवर्दाचे कण सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ती स्वतः चित्रे रंगवत असावी, हा संशोधकांनी सर्वाधिक संभाव्य मानलेला अर्थ आहे. ग्रंथसजावट ही केवळ पुरुष भिक्षूंची कला होती, ही समजूत म्हणूनच सोडून द्यायला हवी.

सोन्याला अवाजवी महत्त्व देण्याचेही कारण नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ‘बुक ऑफ केल्स’ (सु. ८००) या ग्रंथात सोने मुळीच नाही, पिवळी झळाळी हरताळाची आहे. त्याआधीच्या लिंडिसफार्न शुभवर्तमानातील निळा लाजवर्दाचा मानला जाई. रासायनिक तपासणीत तो वनस्पतिजन्य नीळ ठरला. या दोन्ही ग्रंथांचे वैभव रेषेच्या गुंफणीत आहे. लिंबूर बंधूंनी १४१६ पर्यंत रंगवलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या ‘त्रे रिश उर’ या प्रार्थनापुस्तकात मात्र सोने आणि निळा यांची उधळण दिसते.

छपाईनंतर ही कला मागे पडली. इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांच्या १९०६ मधील पुस्तकाने सुलेखन व सुवर्णांकन यांच्या शिक्षणाला नवी सुरुवात मिळाली. अमेरिकेतील मिनेसोटाच्या सेंट जॉन्स मठाने व विद्यापीठाने १९९८ मध्ये डोनाल्ड जॅक्सन यांच्याकडे सोपवलेले हस्तलिखित बायबल २०११ मध्ये पूर्ण झाले. ते वासराच्या चर्मपत्रावर, पिसांच्या लेखण्यांनी लिहिले आहे. आज घरी असे पान करणाऱ्याने शिशाचा सफेता, शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ टाळावेत. ते विषारी आहेत. पांढऱ्यासाठी टायटॅनियमचा रंग, बाकीच्यांसाठी बिनविषारी जलरंग आणि चर्मपत्राऐवजी जाड, गुळगुळीत कागद घेतला तरी कामाचा क्रम तोच राहतो.