गाळ काढणाऱ्याची वाट



‘आर्किटेक्ट म्हणून तू काय काय बांधलंस ते लिही,’ असा स्मरणिका समितीचा निरोप आला. बांधलेल्यापेक्षा चुकलेले मला जास्त आठवते. ते सांगण्याआधी थोडा इतिहास.

नानासाहेब पेशव्यांची कात्रज नळयोजना आपण शाळेत एका ओळीत पाठ केली होती. १७५० च्या सुमारास कात्रजला बांध घालून पाणी अडवले आणि बंदिस्त नळातून, केवळ उताराच्या जोरावर, ते शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत आणले. परीक्षेला एवढे पुरत असे.

त्या ओळीत नसलेली गोष्ट मला या व्यवसायात आल्यावर कळली. नळाच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून आतली हवा बाहेर पडे आणि साठलेला गाळ उपसायला माणूसही आत उतरे. म्हणजे ज्याने पाण्याची वाट आखली, त्याने गाळ काढणाऱ्याची वाटही आखली होती. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी हौदांत पाणी येतच राहिले.

पुढे १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. हळूहळू घरोघरी नळ आले, हौदांची गरज घटली आणि तशी देखरेखही. शहर वाढताना काही उच्छ्वास रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पोटात गेले. उतरायची वाटच बुजली, तर गाळ काढणार कोण?

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात मी जिना, गॅलऱ्या, दर्शनी भाग सगळे मन लावून काढले. सांडपाण्याच्या पाइपापर्यंत हात पोचेल एवढी जागा मात्र ठेवली नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात पाइप तुंबला. एका निवृत्त जोडप्याच्या न्हाणीघराची नवी फरशी फोडता फोडता प्लंबर म्हणाला, “साहेब, नकाशा काढताना आमची आठवण नाही झाली का?” फरशीचे पैसे मी भरले. उत्तर मात्र देता आले नाही.

तेव्हापासून प्रत्येक नकाशावर मी आधी एकच गोष्ट तपासतो : दुरुस्ती करणारा माणूस उभा कुठे राहील?

तुमच्यापैकी कोणाची मुले आर्किटेक्चरला जायचे म्हणत असतील, तर त्यांना उंच इमारती दाखवाच. पण एखादा शिल्लक उच्छ्वासही दाखवा.

आणि स्नेहमेळाव्याला याल तेव्हा शाळेच्या पन्हाळीकडे एकदा वर बघा. दर मे महिन्यात शिडी लावून तिच्यातला पाला काढणारे शिपाईमामा आठवतात? आपल्या वह्या कोरड्या राहिल्या त्या त्यांच्यामुळे.